बँकेच्या लिलावातला वन बीएचके आणि त्यामागचे अकरा महिने

ऑफिसमध्ये आणि नातेवाईकांत आता इतक्या जणांनी विचारून झालंय की "तो लिलावातला फ्लॅट कसा घेतलास गं", की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. मी वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्सला आहे, नवरा महापेला, राहतो ठाण्यात सावरकरनगरला. प्रॉपर्टीतलं काडीचंही कळत नव्हतं. भाड्याने द्यायला एक छोटी जागा घ्यायची आणि बाजारभावाने परवडत नाही, एवढंच डोक्यात होतं.

सुरुवात दिवाळीत झाली, नोव्हेंबर २०२४. फराळाच्या डब्याखाली घातलेल्या पेपरात 'ई-लिलाव विक्री सूचना' असं अख्खं पान होतं, बारीक अक्षरात. कळवा, ऐरोली, कामोठे, घोडबंदर रोड, आणि समोर राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली बोली लागत नाही ती. किंमती बघून डोळे चमकले, खोटं कशाला बोलू. त्याच आठवड्यात मोबाईलवर दोन दिवसांच्या कोर्सची जाहिरात यायला लागली, पाच हजार रुपयांत 'लिलावातून श्रीमंत व्हा'. ते पैसे वाचवले आणि सासऱ्यांच्या ओळखीच्या एका वकील काकांकडे गेलो. कोर्ट नाक्याजवळ बसतात. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "स्वस्त काही मिळत नसतं. दुसऱ्याने जी कटकट करायला नको म्हटलं तिचे पैसे वजा होऊन मिळतात." तेव्हा मला वाटलं फी वाढवायला बोलतायत.

काकांनी जे समजावलं ते आधी थोडक्यात सांगते, कारण नोटीस वाचताना लागतं. हे सगळं २००२ च्या सरफेसी कायद्याखाली चालतं. हप्ते थकले की बँक आधी ६० दिवसांची मागणी नोटीस देते, तरी पैसे आले नाहीत तर जागेचा ताबा घेते आणि मग विकते. पहिल्या विक्रीआधी ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, दोन पेपरांत छापावी लागते आणि त्यातला एक स्थानिक भाषेतला लागतो, म्हणून आपल्या मराठी पेपरात ती पानं दिसतात. आता मुख्य गोष्ट. ताबा दोन प्रकारचा. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवली, आत माणसं तशीच राहतायत. प्रत्यक्ष ताबा म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडून कलम १४ चा आदेश घेऊन, तहसील कार्यालयाचे लोक आणि पोलीस नेऊन, पंचनामा करून कुलूप लावलेलं. सूचनेत हा एक शब्द बारीक छापलेला असतो आणि अर्धी किंमत त्या शब्दाची असते.

हे मला आधी कळूनही नीट कळलं नव्हतं. डिसेंबरमध्ये कामोठ्याचा एक फ्लॅट बघायला गेलो, राखीव किंमत फारच कमी होती. बेल वाजवली तर एका आजोबांनी दार उघडलं, आम्हाला मुलाचे मित्र समजून आत बसवलं, पाणी दिलं. त्यांना लिलावाची तारीख लागलीय हे माहीतच नव्हतं. आम्ही पाणी प्यायलो आणि 'चुकीच्या मजल्यावर आलो' असं काहीतरी पुटपुटत निघालो. नवरा खांदेश्वर स्टेशन येईपर्यंत बोलला नाही. त्या दिवशी ठरलं, सांकेतिक ताब्याचं घर बघायचंच नाही, कितीही स्वस्त असो.

जानेवारीपर्यंत अकरा जागा बघून झाल्या. दिव्यातली एक ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, नाही म्हणून गेली, कारण ओसी नसेल तर कर्ज देणारी बँक दारातूनच परत पाठवते. घोडबंदरची एक आवडली होती पण कर्जदाराने डीआरटीत अर्ज टाकलेला निघाला. डीआरटी म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण, आपल्या भागाचं काम वाशीला एमटीएनएलच्या इमारतीत चालतं. कर्जदाराला बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत तिथे जाता येतं आणि डीआरटीच्या साइटवर नावाने केस शोधता येते, फुकट. काका म्हणाले की आता जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराला निव्वळ पैसे भरून जागा सोडवायचा हक्क राहत नाही, सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, पण केस चालू असलेल्या जागेत आपण का पाय घालायचा.

ऐरोलीच्या एका जागेवर बोली लावली आणि हरलो. त्याचा फायदा झाला. सरकारी बँकांचे लिलाव आता बँकनेट नावाच्या पोर्टलवर होतात, त्यावर नोंदणी, केवायसी, पैसे वॉलेटला टाकणं, हे सगळं त्या हरलेल्या बोलीत शिकून झालं. ईएमडी म्हणजे बयाणा साधारण राखीव किंमतीच्या १० टक्के, हरलात तर परत मिळतो, आमचा पाचव्या दिवशी आला. नोंदणी शेवटच्या दिवशी करू नका, आमची केवायसी दोनदा रिजेक्ट झाली होती कारण पॅनवर माझं माहेरचं मधलं नाव.

फेब्रुवारीत खारेगावची जागा दिसली. नव्वद फुटी रोडपासून आत, वन बीएचके, ३८५ चौरस फूट कार्पेट, चौथा मजला, ओसी आहे, प्रत्यक्ष ताबा बँकेकडे. राखीव किंमत ४१ लाख ६० हजार. त्याच इमारतीत डिसेंबरमध्ये तसाच फ्लॅट ५१ लाखांना गेलेला, ते नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, काढून बघितलं, ब्रोकरच्या तोंडावर विश्वास ठेवला नाही.

आता पैशांबद्दल, कारण लोक इथेच फसतात. नियम असा आहे: बोली जिंकलात की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी एकूण २५ टक्के भरायचे, बयाणा धरून. उरलेले ७५ टक्के विक्री कन्फर्म झाल्यापासून १५ दिवसांत. नाही भरले तर भरलेले जप्त. आणि पंधरा दिवसांत कुठली बँक होम लोन देते? म्हणून लिलावाच्या आधीच तीन बँकांत फिरले. पहिली म्हणाली लिलावाच्या जागेवर देतच नाही, दुसरी म्हणाली फक्त आमच्याच लिलावावर, तिसरीने हो म्हटलं. त्यांच्याकडून माझ्या आणि नवऱ्याच्या पगारावर आधीच मंजुरीपत्र घेतलं २९ लाखांचं आणि लिलावाची जाहिरात त्यांच्या पॅनेलच्या वकिलाला सर्चसाठी, म्हणजे जागेचे कागद तपासायला, देऊन टाकली, फी गेली तर गेली. ही एक गोष्ट केली नसती तर मी हा लेख रडत लिहिला असता. बाकीचे स्वतःचे १४ लाख उभे केले ते असे, एफडी मोडून साडेपाच, पीपीएफमधून तीन, बचतीतले थोडे, आणि चार लाखांचं गोल्ड लोन. त्यातल्या पाटल्या सासूबाईंच्या. त्यांनी काढून दिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सोनं अडीनडीलाच असतं. पण परत कधी आणणार ते सांग."

४ मार्चला जागा दाखवायचा दिवस होता. बँकेचा माणूस सील काढायला आला. आत कोंदट वास, अर्धा संसार तसाच. स्टीलची मांडणी, पाण्याचा पिंप, लहान मुलाची सायकल, पिको-फॉलचं मशीन कापडाने झाकलेलं. वीस मिनिटं मिळाली. प्लग चालतात का बघायला गेलो तर वीजच नव्हती, मीटरच काढून नेलेला. टॉर्च न्या. आणि खाली उतरून सोसायटीच्या ऑफिसात जा, वॉचमनशी बोला, थकबाकी लेखी मागा. लिलाव 'जसे आहे, जेथे आहे' तत्त्वावर असतो, म्हणजे सोसायटी, पाणी, वीज, घरपट्टी, जे काय थकलंय ते तुमच्या गळ्यात. सेक्रेटरी काकांनी लेखी काही दिलं नाही, तोंडी 'लाखभर' म्हणाले. बँकेच्या माणसाने जिन्यात हळूच विचारलं, दुसरा कोण बोली लावणार आहे ते सांगू का, दहा हजार द्या. आम्ही नाही म्हटलं. पैसे जातात ते फक्त नोटिशीत छापलेल्या खात्यात, एवढं लक्षात ठेवा. सेरसाईवर, म्हणजे गहाण ठेवलेल्या मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीवर, दहा रुपये अधिक जीएसटीत कोणीही सर्च करू शकतं की त्या जागेवर आणखी कुठल्या बँकेचा बोजा आहे का. आम्ही केला, एकच निघाला.

लिलाव गुरुवारी १३ मार्चला, होळीच्या दिवशी. रजा टाकून घरी बसले. कागदावर ४३ लाख ५० हजार लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवलं, याच्या वर जायचं नाही. बोली २५ हजारांनी वाढायची. समोर एकच जण होता, नाव दिसत नाही. त्याने ४१.८५ टाकले, मी ४२.१०, तो ४२.३५, मी ४२.६०. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली टाकली की वेळ पुन्हा पाच मिनिटांनी वाढतो, असं तीनदा झालं, स्वयंपाकघरात पुरणाचं पातेलं गॅसवर आणि मी सासूबाईंना ओरडून सांगतेय की ढवळा. त्याने ४२.८५ टाकले, मी ४३.१०. मग काहीच नाही. घड्याळ शून्यावर गेलं आणि मला आनंद वगैरे काही झाला नाही, पोटात गोळा आला.

२५ टक्के म्हणजे १० लाख ७७ हजार ५००, त्यातून बयाण्याचे ४ लाख १६ हजार वजा, उरले ६ लाख ६१ हजार ५००. शुक्रवारी धुळवड, बँका बंद. आरटीजीएस २०२० पासून चोवीस तास चालतं, पण नेटबँकिंगची माझी मर्यादा पाच लाखांची होती हे त्याच दिवशी कळलं. पाच माझ्या खात्यातून, उरलेले नवऱ्याच्या. मर्यादा आठवडाभर आधी वाढवून ठेवा.

२० मार्चला कन्फर्मेशनचं पत्र आलं. म्हणजे ४ एप्रिलपर्यंत ३२ लाख ३२ हजार ५००. आणि मध्ये काय तर ३० मार्चला रविवारी गुढीपाडवा, ३१ ला ईद, १ एप्रिलला बँकांचा वर्षअखेरीचा बंद. लोनवाल्या बँकेचा वकील म्हणे मूळ कागद दाखवा, लिलाववाली बँक म्हणे पूर्ण पैसे आल्याशिवाय मूळ कागद बाहेर काढणार नाही. या दोघांमध्ये मी ठाणे स्टेशन ते मुंबई अशा सहा फेऱ्या मारल्या. शेवटी तोडगा असा निघाला की लिलाववाल्या बँकेने कागदांची यादी आणि 'पैसे आल्यावर कागद थेट तुमच्या हातात देऊ' असं पत्र लोनवाल्या बँकेला दिलं. हे पत्र आधीच मागून ठेवता येतं, कोणी सांगत नाही. मुदतवाढही मागितली, नियमात जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत लेखी वाढवून देता येते पण तो बँकेचा निर्णय असतो, हक्क नाही. अर्ज २ एप्रिलला स्वतः नेऊन दिला, शिक्क्याची पोच घेतली. ३० एप्रिलपर्यंत मिळाली. त्या दोन दिवसांत मात्र झोप नाही, दहा लाख बुडाले तर एफडी, पाटल्या, सगळं एकदम डोळ्यांसमोर.

२१ एप्रिलला लोनचे पैसे थेट गेले, माझे ३ लाख ३२ हजार ५०० त्याच दिवशी. ८.६० टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता २५ हजार ३५१. जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो अर्धा टक्का कमी केला तेव्हा हप्ता तोच राहिला, मुदत कमी झाली, बँक आपणहून हप्ता कमी करत नाही, विचारावं लागतं.

विक्री प्रमाणपत्र २९ एप्रिलला हातात. लिलावात करारनामा वगैरे नसतो, हेच तुमचं खरेदीखत, म्हणून त्यातलं नाव, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ तिथल्या तिथे बसून वाचा. आमच्यात मजला चुकला होता, 'तिसरा' लिहिलेलं. दोन तास थांबून बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया, सासूबाईंना त्याच दिवशी नोंदणी हवी होती, पण दुय्यम निबंधकांकडे सगळ्या ठाण्याला तोच मुहूर्त हवा होता. ६ मेला झाली. मुद्रांक शुल्क सात टक्के, ३ लाख १ हजार ७००, नोंदणी फी ३० हजार. १ एप्रिलपासून रेडी रेकनर, म्हणजे जागांचे सरकारी दर, वाढले होते म्हणून धाकधूक होती, पण आमची बोली रेकनरच्या वर होती म्हणून प्रश्न आला नाही. हे सव्वातीन लाख मी सुरुवातीच्या हिशोबात धरलेच नव्हते, अकाउंट्सवाली असून. दिराकडून घेतले. ५० लाख किंवा त्याच्या वर जागा असेल तर एक टक्का टीडीएसही असतो, आमची खाली होती म्हणून सुटलो.

त्यानंतरच्या आठवड्यात किल्ल्या मिळाल्या. सामान आतच. बँक म्हणाली कर्जदाराला उचलायची नोटीस दिलीय, तुम्ही बघा आता. वकील काका म्हणाले भंगारात द्यायचं नाही, बँकेला लेखी कळव आणि थांब. २५ मेला, रविवारी, एक बाई टेम्पो घेऊन आल्या, बरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा. आधीच्या मालकांच्या मिसेस. मला काय बोलावं सुचेना, त्यांनीच म्हटलं, "मॅडम, बाकी काही ठेवलंत तरी चालेल, मशीन तेवढं द्या, माझं काम त्यावर चालतं." पंचनाम्याच्या यादीवर सही घेऊन सगळंच दिलं. मांडणी उतरवायला नवऱ्याने मदत केली. जाताना त्या बेडरूमच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही पश्चिमेची भिंत झिरपते हं, बाहेरून करून घ्या, आतून कितीही रंग लावला तरी उपयोग नाही. आम्ही दोनदा लावला." दुसऱ्याच दिवशी, २६ मेला, मुंबई-ठाण्यात पाऊस आला, इतक्या लवकर कधी येत नाही. संध्याकाळी जाऊन बघितलं तर त्यांनी हात ठेवला होता तिथेच ओल.

मग दुरुस्ती. बाहेरचं वॉटरप्रूफिंग, वायरिंग, संडास-बाथरूम, रंग, १ लाख ६८ हजार, त्यातले ६० हजार माझ्या भिशीचे. पावसामुळे बाहेरचं काम सप्टेंबरपर्यंत लटकलं.

थकबाक्यांचं मात्र भांडून घेतलं, ते सविस्तर सांगते. सोसायटीने बिल दिलं १ लाख ९०० रुपयांचं. ३४ महिन्यांचा मेंटेनन्स महिना १,८५० प्रमाणे ६२ हजार ९००, वर चक्रवाढ व्याज चोवीस टक्क्यांनी आणि वकिलाचा खर्च म्हणून बारा हजार. उपविधीप्रमाणे व्याज जास्तीत जास्त २१ टक्के आणि तेही सरळ. एक्सेलमध्ये महिनावार काढून नेलं, आवाज न चढवता कमिटीपुढे ठेवलं. ८१ हजार ६०० वर आलं. सोसायटीत फ्लॅट आपल्या नावावर करायचा ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही, तेवढा दिला, वर फी ६००. वीज कंपनीने २३ हजार ४०० मागितले. सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये सांगितलंय की नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची वीजबाकी लिलावात घेणाऱ्याकडून वसूल करता येते, त्यामुळे 'मी का भरू' म्हणून चालत नाही. पण आपल्याकडे वीज नियामक आयोगाचा नियम आहे की वारस सोडून दुसऱ्या कोणाकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच बाकी घेता येते. काउंटरवर कोणाला माहीत नव्हतं, वरच्या साहेबांना नियमाची प्रिंट दाखवली, तीन चकरांनंतर ६ हजार २०० भरून नवीन मीटर. घरपट्टी ९ हजार ८००, तिथे काही भांडण्यासारखं नव्हतं.

आता सगळं मिळून किती ते मांडते. बोली ४३.१०, मुद्रांक-नोंदणी ३.३२, वकील २२ हजार, लोनची प्रोसेसिंग आणि पॅनेल फी साडेसतरा हजार, वर सांगितलेल्या थकबाक्या, ट्रान्सफर, दुरुस्ती, झाले ४९ लाख ७२ हजार. मे ते सप्टेंबर भाडं नसताना भरलेले पाच हप्ते वेगळे, सव्वा लाख. तसाच फ्लॅट ५१ ला सरळ घेतला असता तर मुद्रांक आणि ब्रोकरेज धरून ५५ च्या वर गेला असता. म्हणजे वाचले साधारण चार लाख, त्यातून माझ्या एकोणीस रजा आणि गोल्ड लोनचं व्याज वजा करा. नवरा म्हणतो एवढ्यासाठी एवढं? मी म्हणते आपल्याकडे ५५ होतेच कुठे.

१४ सप्टेंबरला कमिटीच्या मीटिंगमध्ये ट्रान्सफर मंजूर झालं, शेअर सर्टिफिकेटच्या मागे तिसऱ्या ओळीत माझं आणि नवऱ्याचं नाव. ५ ऑक्टोबरपासून भाडेकरू आहेत, नवीन लग्न झालेलं जोडपं, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, ऑनलाइन नोंदवलं, पोलीस व्हेरिफिकेशन केलं. भाडं साडेपंधरा हजार, त्यातून मेंटेनन्स आणि वर दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी (स्वतः न राहता जागा भाड्याने दिली की सोसायटी घेते ते पैसे) आम्हीच भरतो, तेव्हा हप्त्याला दर महिन्याला खिशातून बारा हजार लागतात. हे आधी माहीत होतं, तरी दर पाच तारखेला नव्याने कळतं. दिराचे पैसे निम्मे झाले. गोल्ड लोन फेब्रुवारीत संपवायचं आहे, कॅलेंडरवर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने त्या तारखेला गोल केलाय.